आईचं बोलणं ऐकणारे डॉक्टर : सर नॉर्मन ग्रेग



2018 सालचा नोव्हेंबर महिना आठवतोय ना? महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली होती. गोव्यात ती आदल्या वर्षीच झाली होती. 9 महिन्यांपासून 15 वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलामुलींना लस द्यायची होती, आणि शाळेत जाणाऱ्या मुलांचं लसीकरण शाळेतच होणार होतं. साहजिकच पालकांना समजावून सांगण्याचं काम आपल्याकडे, म्हणजे शिक्षकांकडे आलं. मोबाईलवर नाही नाही ते मेसेज फिरत होते. लोक घाबरलेले होते.

मीही पालकसभा घेतली. सभेत एका वडिलांनी उभं राहून प्रश्न विचारला. गोवराचं त्यांना पटत होतं. पण रुबेला हा तर साधा आजार, दोन-तीन दिवसांत आपोआप बरा होणारा. त्रास होतो तो गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला. मग आपल्या सातवीतल्या मुलाला, तेही मुलग्याला, सुई कशाला टोचायची, असं त्यांचं म्हणणं होतं.

प्रश्न अगदी योग्य होता. मी परिपत्रकात वाचलेली माहिती सांगितली. त्यांचं समाधान झालं नाही आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. लसीकरणाच्या दिवशी तो मुलगा शाळेत आलाच नाही.

त्यानंतर मी या आजाराचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा एका डॉक्टरांचं नाव समोर आलं. रुबेलाचा आणि जन्मजात व्यंगाचा संबंध ज्यांनी जगाला पहिल्यांदा दाखवून दिला, ते ऑस्ट्रेलियातील डोळ्यांचे डॉक्टर सर नॉर्मन ग्रेग. आज त्यांचीच ओळख करून घेऊया.

बालपण आणि शिक्षण

नॉर्मन मॅकॲलिस्टर ग्रेग यांचा जन्म 7 मार्च 1892 रोजी ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या बरवूड या उपनगरात झाला. शिक्षण सिडनीतच झालं. अभ्यासात ते हुशार होतेच, पण मैदानावरही तेवढेच रमायचे. क्रिकेट आणि टेनिस हे दोन्ही खेळ ते उत्तम खेळत. 1915 मध्ये सिडनी विद्यापीठातून त्यांनी पहिल्या श्रेणीत वैद्यकीय पदवी मिळवली.

तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. पदवी हातात पडली आणि हा तरुण डॉक्टर थेट युद्धावर गेला. ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलात राहून फ्रान्सच्या आघाडीवर जखमी सैनिकांवर त्यांनी उपचार केले. या कामगिरीबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळालं.

युद्ध संपल्यावर त्यांनी नेत्ररोग हा विषय निवडला. त्यासाठी पुन्हा इंग्लंडला जाऊन शिक्षण घेतलं. 1923 च्या सुमारास ते सिडनीला परतले आणि डोळ्यांचे डॉक्टर म्हणून काम करू लागले. स्वतःचा दवाखाना, शिवाय शहरातलं रॉयल प्रिन्स आल्फ्रेड हॉस्पिटल आणि मुलांचं रॉयल अलेक्झांड्रा हॉस्पिटल असं त्यांचं काम चालायचं. हे नीट लक्षात घ्या. ग्रेग काही मोठ्या प्रयोगशाळेत बसलेले संशोधक नव्हते. त्यांच्याकडे ना विषाणू दिसतील असं यंत्र होतं, ना मदतनिसांचा ताफा. रोज पेशंट तपासणारे ते एक डॉक्टर होते. पुढची सगळी गोष्ट त्या दवाखान्यातच घडली.

1941 : एकामागून एक येणारी बाळं

1941 सालच्या सुरुवातीला ग्रेग यांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. त्यांच्याकडे जन्मजात मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं येऊ लागली. मोतीबिंदू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आजी-आजोबा येतात. डोळ्यातलं पारदर्शक भिंग पांढुरकं होतं आणि दिसेनासं होतं. पण काही वेळा बाळ जन्मालाच असं भिंग घेऊन येतं. हे क्वचितच घडतं. एखाद्या डॉक्टरला वर्षभरात अशी दोन-चार बाळं दिसली तर दिसली.

इथं मात्र एका पाठोपाठ एक येत होती. काळ्या बाहुलीच्या जागी पांढरा ठिपका. बहुतेकांच्या दोन्ही डोळ्यांत. शिवाय ही बाळं अशक्त, वजनाने कमी, दूध नीट न ओढणारी. अनेकांच्या हृदयातही दोष. एकाच आजाराचा शिक्का मारल्यासारखी ती एकमेकांसारखी दिसत होती.

त्या काळी डॉक्टरांची ठाम समजूत होती की असे दोष आनुवंशिक असतात, म्हणजे घराण्यातूनच येतात. आईच्या पोटात बाळ अगदी सुरक्षित असतं, वार ही भक्कम भिंतीसारखी असते, बाहेरचं काही आत जाऊ देत नाही, असं मानलं जायचं. दुसरा एखादा डॉक्टर असता तर घराण्याचा दोष असं लिहून मोकळा झाला असता. ग्रेग यांना ते पटेना. इतक्या वेगवेगळ्या घराण्यांचा दोष एकाच वर्षी कसा काय बाहेर पडेल? आणि ज्यांच्या घरात आधी कोणालाच असा त्रास नव्हता, त्यांचं काय?

बाहेर बसलेल्या आयांचं बोलणं

पुढचा प्रसंग नेहमी सांगितला जातो. दवाखान्यात नंबर लागण्याची वाट बघत दोन आया बसल्या होत्या. दोघींच्याही मांडीवर मोतीबिंदू असलेलं बाळ. आपण सगळेच अशा वेळी शेजारी बसलेल्या माणसाशी बोलतो, तशा त्याही बोलत होत्या. बोलता बोलता निघालं की दिवस राहिले तेव्हा दोघींनाही जर्मन गोवर झाला होता, आणि आपल्या बाळाला त्यामुळे काही झालं असेल का ही धास्ती दोघींच्याही मनात होती. हे बोलणं ग्रेग यांच्या कानावर पडलं.

आता जर्मन गोवर म्हणजे काय? नावात गोवर असला तरी हा आपला नेहमीचा गोवर नव्हे. रुबेला हेच त्याचं दुसरं नाव. थोडा ताप, मानेमागच्या गाठी किंचित सुजणं, अंगावर बारीक लालसर पुरळ, आणि तीन दिवसांत सगळं ठीक. कित्येकांना तर पुरळही उठत नाही, आजार होऊन गेल्याचं कळतसुद्धा नाही. त्यामुळे डॉक्टरही त्याला फारसं महत्त्व देत नसत. 1940 साली ऑस्ट्रेलियात या आजाराची मोठी साथ आली होती. दुसरं महायुद्ध सुरू होतं. छावण्यांमध्ये हजारो तरुण दाटीवाटीने राहत होते आणि सुट्टीवर घरी येत-जात होते. साथ पसरायला आणखी काय हवं?

घाईगर्दीच्या दवाखान्यात बायकांच्या गप्पा म्हणून ते बोलणं सोडून देणं अगदी सोपं होतं. ग्रेग यांनी ते सोडून दिलं नाही. त्यांनी आपल्याकडच्या प्रत्येक बाळाच्या आईला विचारायला सुरुवात केली. गरोदरपणात काय काय झालं? ताप आला होता का? अंगावर काही उठलं होतं का? कितवा महिना होता? बहुतेक उत्तरं एकाच दिशेने जात होती. बहुतेक जणींना पहिल्या किंवा दुसऱ्या महिन्यात जर्मन गोवर झालेला होता. काही जणींना तर तेव्हा आपण गरोदर आहोत हेही ठाऊक नव्हतं.

78 बाळं

एकट्याच्या दवाखान्यातल्या मोजक्या बाळांवरून निष्कर्ष काढणं बरोबर नाही, हे ग्रेग जाणून होते. त्यांनी इतर ठिकाणच्या, अगदी दुसऱ्या राज्यांतल्याही डॉक्टरांशी संपर्क साधला. तुमच्याकडे अशी बाळं आली आहेत का, आली असतील तर त्यांच्या आईला हे प्रश्न विचाराल का, अशी विनंती केली. हळूहळू माहिती गोळा झाली. एकूण 78 बाळं. त्यांपैकी 68 बाळांच्या आईला गरोदरपणात जर्मन गोवर होऊन गेला होता. 44 बाळांच्या हृदयात दोष होता. काही बाळं तर जगलीही नाहीत.

15 ऑक्टोबर 1941 रोजी मेलबर्न शहरात नेत्रतज्ज्ञांच्या सभेपुढे ग्रेग यांनी आपला निबंध वाचला. आईला झालेला जर्मन गोवर आणि बाळाचा जन्मजात मोतीबिंदू यांचा संबंध त्यांनी मांडला. भिंगाचा नेमका कोणता भाग पांढरा झाला आहे ते पाहून, गर्भ वाढत असताना इजा केव्हा झाली असावी याचाही त्यांनी विचार केला होता. भिंगाचा मधला भाग सर्वांत आधी तयार होतो. तोच खराब झालाय म्हणजे इजा अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतली. आयांनी सांगितलेले महिने आणि बाळांच्या डोळ्यांतली खूण यांचा मेळ बसत होता.

वर्तमानपत्रांत ही बातमी छापून आली, तेव्हा आणखी काही आया पुढे आल्या. त्यांच्या मुलांचे डोळे ठीक होते, पण मुलांना ऐकू येत नव्हतं. त्यांनाही गरोदरपणात जर्मन गोवर झाला होता. बाळ अगदी लहान असताना बहिरेपणा लक्षात येत नाही, म्हणून पहिल्या निबंधात त्याचा उल्लेखच नव्हता. म्हणजे ही गोष्टसुद्धा डॉक्टरांना आधी आयांनीच सांगितली. पुढे डोळे, कान आणि हृदय या तीन ठिकाणचे दोष ही रुबेलाची ओळख ठरली.

तज्ज्ञांना पटेना

सगळ्यांनी लगेच टाळ्या वाजवल्या असं मात्र झालं नाही. एवढ्या किरकोळ आजाराने एवढं मोठं नुकसान? तेही वार ओलांडून? ॲडलेडचे डॉक्टर चार्ल्स स्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1943 मध्ये स्वतंत्रपणे तपासणी करून ग्रेग यांच्या म्हणण्याला दुजोरा दिला. तरीही 1944 मध्ये लॅन्सेट या लंडनच्या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकाने हा संबंध अजून सिद्ध झालेला नाही असंच मत मांडलं.

इथं एक मान्य करायला हवं. शंका घेणाऱ्यांचं सगळंच चूक नव्हतं. ग्रेग यांनी आधीच व्यंग असलेली बाळं घेतली आणि मागे जाऊन आईला विचारलं. रुबेला होऊनही ज्यांची बाळं चांगली झाली, त्या आया त्यांच्या मोजणीत आल्याच नव्हत्या. त्यामुळे धोका नेमका किती हे त्या आकड्यांवरून कळत नव्हतं. विज्ञानात असं विचारावंच लागतं. पण विचारून थांबायचं नसतं, तपासायचं असतं.

जुन्या रजिस्टरांनी साक्ष दिली

तपासणीचा एक भाग तर आपल्यासारख्या रजिस्टरं भरणाऱ्या माणसांना फार आवडेल असा आहे. ऑलिव्हर लँकेस्टर नावाचे ऑस्ट्रेलियन संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांनी जुन्या जनगणना आणि बहिऱ्यांसाठीच्या संस्थांच्या नोंदी काढल्या. 1911 च्या जनगणनेत 10 ते 14 वर्षं वयाच्या गटात बहिऱ्यांची संख्या एकदम जास्त दिसत होती. 1921 च्या जनगणनेत हाच उंचवटा 20 ते 24 वर्षांच्या गटात सरकलेला. म्हणजे तीच मुलं दहा वर्षांनी मोठी झालेली. ती जन्मली तो काळ शोधला तर 1898-99 च्या आसपास ऑस्ट्रेलियात जर्मन गोवराची साथ येऊन गेल्याचं आढळलं. लँकेस्टर यांनी 1951 मध्ये हे प्रसिद्ध केलं.

विचार करा. ग्रेग स्वतः सात वर्षांचे होते तेव्हापासून ही गोष्ट आकड्यांमध्ये पडून होती. मुलांची नोंद झाली होती, पण त्यांना बहिरेपण आलं कशामुळे हे कोणी विचारलंच नव्हतं. इतकी वर्षं त्या मुलांच्या आयांना लोक काय काय बोलले असतील, कोणत्या कोणत्या गोष्टींचा दोष त्यांच्या माथी मारला गेला असेल, कोण जाणे.

नेमकं होतं काय?

मुलांना सांगताना सोप्या भाषेत असं सांगता येईल. रुबेला हा विषाणूमुळे होणारा आजार आहे. खोकल्यातून, शिंकेतून तो पसरतो. गरोदर बाईला लागण झाली की विषाणू रक्तातून वारेपर्यंत आणि वारेतून बाळापर्यंत जातो. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे डोळे, कान, हृदय, मेंदू हे सगळे अवयव घडत असतात. पेशी भराभर वाढत असतात. विषाणू त्या वाढीलाच खीळ घालतो. घर बांधताना पाया भरतेवेळी बिघाड झाला तर तो पुढे दुरुस्त होत नाही, तसंच काहीसं.

पहिल्या 10 आठवड्यांत लागण झाली तर बाळाला इजा होण्याची शक्यता 90 टक्क्यांपर्यंत असते. दिवस भरत जातात तशी ती कमी होते आणि 20 आठवड्यांनंतर फारच थोडी राहते. आजार तोच, विषाणू तोच, पण कोणत्या आठवड्यात गाठलं यावर सगळं अवलंबून. काही वेळा आईला काहीच जाणवत नाही आणि बाळाला मात्र जन्मभराचं अपंगत्व येतं.

ग्रेग यांच्या हयातीत

ग्रेग यांना पुढे मानसन्मान मिळाले. 1953 मध्ये त्यांना सर ही पदवी देण्यात आली. पण त्यांच्या कामाचं महत्त्व केवळ रुबेलापुरतं राहिलं नाही. पोटातलं बाळ बाहेरच्या गोष्टींपासून पूर्ण सुरक्षित नसतं, हे त्यांच्यामुळे डॉक्टरांना पहिल्यांदा नीट कळलं.

दुर्दैवाने हा धडा सगळीकडे वेळेवर पोहोचला नाही. 1950 च्या दशकाच्या शेवटी थॅलिडोमाइड नावाचं औषध झोपेसाठी आणि गरोदरपणातल्या मळमळीसाठी अनेक देशांत विकलं गेलं. ते निर्धोक आहे अशी जाहिरात होती. त्यामुळे दहा हजारांहून जास्त मुलं हातापायांची गंभीर व्यंगं घेऊन जन्माला आली. 1961 मध्ये जर्मनीतले डॉ. लेंझ आणि ग्रेग यांच्याच सिडनी शहरातले डॉ. मॅकब्राइड यांनी धोक्याची सूचना दिली, तेव्हा कुठे ते औषध बाजारातून हटलं. वार म्हणजे भक्कम भिंत नाही हे ग्रेग यांनी 20 वर्षं आधी सांगितलं होतं. तरीही औषध बाजारात आणताना ते पोटातल्या बाळाला बाधेल का, हे पुरेसं तपासलं गेलं नव्हतं.

1962 मध्ये अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या गटांनी रुबेलाचा विषाणू प्रयोगशाळेत वेगळा करून दाखवला. आता शंकेला जागाच उरली नाही. आणि त्यानंतर लगेच, 1964-65 मध्ये, अमेरिकेत रुबेलाची प्रचंड साथ आली. सुमारे सव्वा कोटी लोकांना लागण झाली आणि सुमारे 20 हजार बाळं या आजाराचे दोष घेऊन जन्माला आली. कारण माहीत होतं, पण हातात लस नव्हती.

27 जुलै 1966 रोजी सर नॉर्मन ग्रेग यांचं सिडनीत निधन झालं. रुबेलाची लस अमेरिकेत मान्य झाली 1969 मध्ये. ज्या माणसाने धोका ओळखला, त्याला त्यावरचा उपाय पाहायला मिळाला नाही. तीन वर्षांनी हुकलं.

मुलग्याला लस कशाला?

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे वळूया. तो प्रश्न काही फक्त त्यांनाच पडला नव्हता. लस आली तेव्हा काही देशांनीही अगदी तसाच विचार केला. त्रास आईमार्फत बाळाला होतो ना, मग पुढे आई होणाऱ्या मुलींना लस दिली की झालं. ब्रिटनने 1970 मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने 1971 मध्ये शाळकरी मुलींना लस द्यायला सुरुवात केली.

त्याचा फायदा नक्कीच झाला. रुबेलाची बाधा झालेली बाळं पुष्कळ कमी झाली. पण पूर्ण थांबली नाहीत. कारण सोपं आहे. मुलगे आणि लहान मुलं यांच्यात विषाणू फिरतच राहिला. ज्या मुलीची लस काही कारणाने चुकली, ती पुढे गरोदर राहिली की तिला घरातल्या लहान मुलाकडून, पुतण्याकडून, शेजारच्या पोराकडून लागण व्हायची. शेवटी 1988 मध्ये ब्रिटनने मुलगा-मुलगी असा भेद न करता सर्व लहान मुलांना लस द्यायला सुरुवात केली. आज ऑस्ट्रेलियातून रुबेला हद्दपार झालाय. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसं जाहीर केलं. उत्तर आणि दक्षिण अमेरिका खंडांनी तो टप्पा 2015 मध्येच गाठला.

सातवीतल्या मुलग्याला लस का, याचं उत्तर हे आहे. त्या मुलाला रुबेला झाला तर त्याचं काही फारसं बिघडणार नाही. दोन दिवस घरी राहील आणि खेळायला लागेल. पण पुरळ उठण्याच्या आधीचे काही दिवसही तो आजार पसरवत असतो. त्याच्या घरी काकी असेल, नुकतंच लग्न झालेली ताई असेल. शाळेत त्याच्या बाईंना दुसरा महिना असेल आणि त्यांनी अजून कोणाला सांगितलंही नसेल. त्या मुलाची लस ही त्या न जन्मलेल्या बाळासाठी आहे. हे मला त्या सभेत सांगता आलं असतं तर कदाचित ते वडील ऐकते. कारण विरोध करायचा म्हणून ते बोलत नव्हते, त्यांना कारण हवं होतं.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे आता गोवर-रुबेलाची लस नेहमीच्या लसीकरणात आहे. पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. सरकारी दवाखान्यात आणि लसीकरण सत्रात ती मोफत मिळते. बाळाचं लसीकरण कार्ड जपून ठेवा आणि दोन्ही डोसांची नोंद झालीय ना ते बघा. ज्या तरुणींना ही लस मिळालेली नाही, त्यांनी लग्नानंतर मूल होऊ देण्याआधी डॉक्टरांना विचारावं. मात्र गरोदर असताना ही लस देत नाहीत, आणि लस घेतल्यावर महिनाभर तरी दिवस राहू देऊ नयेत.

रुबेलाशिवाय आणखीही काही गोष्टी पोटातल्या बाळाला बाधतात. दारू, तंबाखू, सिगारेटचा धूर या तर झाल्याच. पण मिश्री हीसुद्धा तंबाखूच आहे, हे आपल्या घरातल्या बायकांना सांगायला हवं. डॉक्टरांना न विचारता घेतलेली गोळी, मग ती ॲलोपॅथीची असो की घरगुती म्हणून कोणी दिलेली, धोक्याची ठरू शकते. मधुमेह ताब्यात नसेल तरी बाळाला त्रास होऊ शकतो. मात्र फिटची किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर घाबरून स्वतःच बंद करू नये, तेही डॉक्टरांनाच विचारावं. आणि फॉलिक ॲसिडची साधी गोळी दिवस राहण्याआधीपासून घेतली तर बाळाच्या मेंदूचे आणि पाठीच्या कण्याचे काही गंभीर दोष टळतात. ज्या नळीपासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतो, ती पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते, म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत ते काम जवळपास झालेलं असतं. म्हणून तर आधीपासून.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगाविशी वाटते. आपल्याकडे बाळाचा ओठ फाटलेला असला की ग्रहणात भाजी चिरली असेल, सुरी हातात घेतली असेल असं आईलाच ऐकवलं जातं. ग्रहणाचा आणि बाळाच्या व्यंगाचा काहीही संबंध नाही. बऱ्याच वेळा तर व्यंगाचं एकच असं कारण तज्ज्ञांनाही सापडत नाही. आणि कारण सापडलं तरी तो आईचा गुन्हा नसतो. 1940 सालच्या त्या आयांनी काय चूक केली होती? साथ आली, ताप आला, बरा झाला. बाळाला काय झालं ते त्यांना कळणार कसं? ग्रेग यांनी त्या आयांना दोष दिला नाही. त्यांना विचारलं, त्यांचं ऐकलं आणि त्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवून तपास केला. म्हणून तर पुढच्या लाखो बाळांचे डोळे आणि कान वाचले.

वर्गात हा पाठ घेताना

सहावीच्या पुढच्या वर्गांना ही गोष्ट विज्ञानाच्या तासाला छान सांगता येते. सांगून झाल्यावर हे प्रश्न विचारा.

1. 78 पैकी 68 म्हणजे सुमारे किती टक्के?
2. 1911 मध्ये 10 ते 14 वर्षांची असलेली मुलं 1921 मध्ये किती वर्षांची होतील? यावरून लँकेस्टर यांना काय कळलं?
3. ग्रेग यांच्या आकड्यांवर कोणती शंका घेता येत होती? ती दूर कशी झाली?
4. मुलग्यांनाही रुबेलाची लस का देतात? आपल्या शब्दांत लिहा.

मुलांना घरी जाऊन स्वतःचं लसीकरण कार्ड बघायला सांगा. कार्ड हरवलं असेल तर आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात चौकशी करता येईल.

एक काळजी मात्र घ्या. वर्गात एखादं दिव्यांग मूल असेल, किंवा कोणाच्या घरी असं भावंड असेल, तर त्याच्याकडे बोट दाखवून उदाहरण देऊ नका. त्याच्या आईने घरी काय काय ऐकून घेतलं असेल ते आपल्याला माहीत नसतं. उलट पालकसभेत तीच आई काही सांगू लागली, तर मधे न बोलता ऐकून घ्या.

तुमच्या शाळेत मोहिमेच्या वेळी पालकांनी कोणते प्रश्न विचारले होते आणि तुम्ही काय उत्तरं दिली, तेही जरूर कळवा. पुढच्या सभेत आपल्या सगळ्यांनाच उपयोगी पडतील.